हिरवी वही आणि एकेचाळीस पुस्तकं

३ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार. पूर्वी साष्टांग लिहायचे. पण चौदा महिन्यांच्या अबोल्यानंतर एकदम साष्टांग घातला तर तुला वाटेल, ही काहीतरी मागायला आली आहे. मागायलाच आले आहे, म्हणून नुसता नमस्कार.

फोन करणार होते. पण फोनवर आपण दोघी एकमेकींना वाक्य पुरं करू देत नाही, आणि गेल्या खेपेला अर्ध्या वाक्यांवरूनच एवढं रामायण झालं. कागदावर निदान मला पूर्णविरामापर्यंत पोचता येईल.

कामाचं आधी. जूनमध्ये मी तुला हिरव्या पुठ्ठ्याची एक वही पाठवली होती, भिंगरीची वाचनवही. सोबत चिठ्ठी होती : "मुख्याध्यापिकाबाईंनी वेळ काढून वाचावी आणि मग आमच्या घरच्या शाळेबद्दल बोलावं." टोमणा होता, मान्य. तुला वाचायला वेळ मिळाला की नाही माहीत नाही, आणि आता नाही वाचलीस तरी चालेल. ती मला परत हवी आहे.

झालंय असं की २१ नोव्हेंबरला शिक्षण कार्यालयातून तपासनीस बाई येणार आहेत. मुलांना घरी शिकवणाऱ्यांची तपासणी दर वर्षीच होते. यंदाचं पत्र मात्र कडक आहे. मुलीच्या वर्षभराच्या वाचनाची नोंद दाखवावी, ती समाधानकारक नसल्यास दोन्ही मुलींना जानेवारीपासून शाळेत दाखल करावं लागेल, असं लिहिलंय. आमच्याकडे नोंद आहे, अठ्ठावन्न पुस्तकांची आहे, फक्त ती तुझ्याकडे आहे. अकरा वर्षांच्या किती मुली वर्षात अठ्ठावन्न पुस्तकं वाचतात, तूच सांग. किंवा नको सांगू.

बाकी छान चाललंय. गोटी सहा वर्षांची झाली आणि समोरचे दोन दात पाडून बसली आहे. तुझे मेहुणे अजून लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतात आणि आमची लिफ्ट बंद असते. मी घरूनच प्रुफं तपासते. सध्या औषधांच्या बाटल्यांबरोबर येतात ती माहितीपत्रकं आहेत, सतरा दुष्परिणाम, पैकी चक्कर दोनदा छापलेली.

वही कुरियरने पाठवलीस तर बरं. जमेल तितक्या लवकर.

तुझी धाकटी


१६ ऑक्टोबर

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "वही माझ्याकडे नीट आहे. एवढी घाई कशाची, ते कळलं नाही." तीस वर्षं मुलांचे बहाणे ऐकून तुझं नाक तिखट झालंय, हे मी विसरले होते.

घाई कशाची असणार? स्वच्छ प्रत काढायची आहे. कोपरे दुमडलेत, एका पानावर चहा सांडलाय. तपासनीस बाईंपुढे नीटनेटकं काही ठेवावं, एवढंच.

तुला वाटत असेल आम्ही सकाळ-संध्याकाळ वह्या घेऊन बसतो. तसं मुळीच नाही. सध्या आम्ही नुसते भटकतो आहोत. पानगळ सुरू झाली आहे, ऊन मऊ झालंय, आणि घरात बसणं जिवावर येतं. दर बुधवारी बसथांब्यावर गोटी डोळे मिटते, मनात येईल तो नंबर सांगते, आणि त्या नंबरच्या बसने आम्ही शेवटच्या थांब्यापर्यंत जातो. तिथे जे असेल ते बघायचं आणि परत यायचं. पहिल्या बुधवारी बस धुण्याचा कारखाना निघाला. तासभर आम्ही ओल्या बसचे चकचकीत कुल्ले बघत उभ्या होतो. दुसऱ्या बुधवारी मोठी बाग, आणि झाडणाऱ्या मावशींनी लावलेले पानांचे कमरेएवढे ढीग. गोटीने त्यांना विचारलं, "उडी मारू?" त्या म्हणाल्या, "मार की. पण मोडलास तर लावून द्यायचा." तिघींनी मनसोक्त उड्या मारल्या आणि पुढचा सव्वा तास खराटे चालवले. मावशी बाकावर बसून सूचना देत होत्या, "ए उंच बाई, वाऱ्याच्या विरुद्ध काय झाडताय?"

मागच्या वर्षी ह्याच दिवसांत मी मुलींना सहलीचा तक्ता दिला होता. दहा प्रकारची पानं गोळा करायची, चिकटवायची, कडा दातेरी की साध्या ते लिहायचं. यंदा तक्ता नाही. आपोआप राहून गेला.

वाचन? वाचनही सध्या जरा मागे पडलंय. हवाच अशी आहे.

वही पाठव ना.

धाकटी


२२ ऑक्टोबर

ताई,

वही आली नाही. तू पाठवणार नाहीस, मी खरं सांगेपर्यंत, हे मला कळायला हवं होतं. लहानपणी मी तुझी शाई सांडली तेव्हाही तू काही न बोलता समोर नुसती बसून राहिली होतीस. मी अर्ध्या तासात कबूल झाले. यंदा एकोणीस दिवस टिकले, ही प्रगती समज.

तर ऐक. त्या वहीतली अठ्ठावन्नपैकी एकेचाळीस पुस्तकं अस्तित्वातच नाहीत.

लिहिलं एकदाचं.

कसं कळलं ते सांगते. सप्टेंबरच्या शेवटी एका दुपारी माहितीपत्रकं तपासून डोळ्यांचा भुगा झाला होता आणि मला अचानक काहीतरी वाचावंसं वाटलं. कामाचं नाही, मुलींसाठी नाही, मला. तीन वर्षांत पहिल्यांदा. आणि आठवली ती भिंगरीच्या वहीतली सदतिसावी नोंद, 'आठव्या मजल्यावरची गाय'. एक गाय चुकून लिफ्टमध्ये शिरते, आठव्या मजल्यावर उतरते आणि परत लिफ्टमध्ये पाऊल ठेवायला तयार होत नाही. जिने उतरायलाही नाही. हळूहळू त्या मजल्यावरचे लोक आपापली भांडणं तिच्यासमोर मांडायला लागतात, कारण ती मध्ये बोलत नाही. भिंगरीने सारांश असा लिहिला होता की मला वाटलं, हे पुस्तक मिळालं तर आज रात्रीचं जेवण जळालं तरी बेहत्तर.

ग्रंथालयात गेले. तिथले ग्रंथपाल काका, चष्म्याला काळी दोरी लावलेले, त्यांनी यादी बघितली. नाही. लेखकाच्या नावाने बघितलं. नाही. दुसऱ्या शाखांत विचारलं. नाही. मला मग आठवतील ती आणखी सात नावं मी त्यांना सांगितली. त्यातलं एक मिळालं. सहा नाहीत. काका चष्मा काढून म्हणाले, "बाई, तुमची मुलगी येते इथे, मी ओळखतो तिला. खिडकीशी बसते. पण मी तिला वाचताना कमी आणि लिहिताना जास्त बघितलंय."

मी घरी आले तेव्हा भिंगरी चादरींच्या घड्या घालत होती. मी दुसरं टोक धरलं. आम्ही चादर ताणली, आणि मी विचारलं. ती जवळ आली, तिची दोन टोकं माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "सतरा खरी आहेत."

"आणि बाकीची?"

"तू प्रत्येक पुस्तकावर सात प्रश्न विचारतेस ना. खऱ्या पुस्तकात त्यांची उत्तरं सापडत नाहीत. मी खूप शोधायचे. मग मला वाचताना नुसतं तेच दिसायला लागलं. खोट्या पुस्तकात उत्तरं आधी लिहायची आणि मग त्यांच्याभोवती गोष्ट. ते सोपं आहे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू खूश होत होतीस."

ताई, मी प्रत्येक नोंद वाचली होती. एकूण एक. लाल पेनाने. गायीच्या गोष्टीत मी दोन ऱ्हस्व-दीर्घ आणि एक स्वल्पविराम सुधारलाय. जगात नसलेल्या एकेचाळीस पुस्तकांचं मुद्रितशोधन मी केलं आणि एकदाही मला शंका आली नाही. ह्याला माझा धंदा म्हणतात.

आणि ही तीच पोरगी, जी शाळेत असताना चालता चालता वाचायची, खांबाला आपटायची आणि खांबाला सॉरी म्हणायची. शाळेत तिच्या पोटात दुखायचं म्हणून मी तिला घरी आणलं. मग घरी बसवून तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, आणि वर ते सिद्ध करायला तुला वही पाठवली. तू त्या दिवशी म्हणाली होतीस, "तुझ्या घरात शाळा सुटतच नाही." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. तुझ्या तीस वर्षांच्या नोकरीला मी तेव्हा मुलं कोंबायचा कारखाना म्हणाले. ते मी मागे घेते. तुझं वाक्य मात्र तसंच राहू दे, ते बरोबर होतं.

आता सगळ्यात वाईट. वही मी परत मागितली ती स्वच्छ प्रत काढायला नाही. तीत सतरा खऱ्या नोंदी ठेवून बाकीच्या एकेचाळीस मी स्वतः करणार होते, खऱ्या पुस्तकांच्या, भिंगरीच्या अक्षरात. नवी वही आणली. मुली झोपायच्या वेळी नव्हे, चक्क दुपारी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिच्यासारखा पोट फुगलेला 'क' काढायचा सराव केला. तीन नोंदी झाल्या. चौथीच्या वेळी ती पाणी प्यायला आली. माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं, आणि आश्चर्याने, अगदी साध्या आश्चर्याने विचारलं, "आई, तूपण?"

मी ती वही फाडली. सात प्रश्नांचा कागद फ्रीजवरून काढला. त्या दिवसापासून आम्ही बसने भटकतोय. आपोआप काही राहून गेलेलं नाही.

आता वही पाठव किंवा नको पाठवू. तपासनीस बाईंना काय दाखवायचं मला कळत नाही. मुलींना जानेवारीत शाळेत घालावं लागलं तर भिंगरीचं पोट पुन्हा दुखायला लागेल, ह्या विचाराने मला जेवण जात नव्हतं. पण तुला सांगून टाकल्यावर आज तीन आठवड्यांनी मला सपाटून भूक लागली आहे, हेही खरं.

तुझी,
धाकटी


५ नोव्हेंबर

ताई गं,

वही आली. सोबतचं तुझं अकरा पानी पत्रही आलं. पहिल्यांदा उभ्याने वाचलं, मग बसून, मग मोठ्याने तुझ्या मेहुण्यांना. ते हातातला पाना बाजूला ठेवून हसत सुटले. "म्हणजे तुझ्या ताईला जुलैपासून माहीत होतं?"

जुलैपासून! वही तू पहिल्याच रविवारी वाचलीस, तुला ती आवडली, आणि तू त्यातली पाच पुस्तकं शाळेच्या ग्रंथालयासाठी मागवलीस. पुस्तकविक्रेत्याने हात जोडले. मग तुझ्या लक्षात आलं. माझ्याविरुद्ध असं पक्कं हत्यार तुझ्या हातात होतं आणि तू ते चार महिने कपाटात ठेवलंस. मी तुझ्या जागी असते तर त्याच संध्याकाळी फोन केला असता. तू लिहिलंयस, "मुलीने इतक्या कष्टाने बांधलेलं मोडायला माझा हात उठेना. आणि तुला कळेल तेव्हा तू किती रडशील, तेही माहीत होतं." ते वाचून मी रडलेच, म्हणजे तुझा अंदाज वायाही गेला नाही.

पण खरी गंमत पुढे. पाचवीच्या वर्गाला तू वाचनाच्या तासाला त्या नोंदी वाचून दाखवतेस, आणि मुलं ग्रंथालयाच्या खिडकीशी रांग लावून ती पुस्तकं मागतात. मी भिंगरीला हे सांगितलं. ती आधी पांढरी पडली, मग लाल झाली, मग न्हाणीघरात जाऊन कडी लावून घेतली. पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन विचारते, "मावशीने कुठली कुठली वाचली? त्यांना कुठे हसू आलं?" मी म्हटलं, मावशीलाच लिही. ती लिहिते आहे. मी तपासणार नाही.

आणि ते सात प्रश्न. मी तुला मुद्दामच सांगितलं नव्हतं ते कुठून आणले. तुझ्याच शाळेच्या स्नेहसंमेलनाला आले होते तेव्हा भिंतीवरून उतरवून घेतले होते. तुझं वाईट बोलत असताना तुझाच कागद माझ्या फ्रीजवर होता. तू लिहितेस, ते तूच तयार केलेस, एकोणीस वर्षांपूर्वी, आणि तेव्हापासून वाचनाचा तास सगळ्यांत शांत असतो याचा तुला अभिमान होता. आता तू तो कागद वर्गातून काढला आहेस. ताई, हे लिहायला तुला किती जड गेलं असेल! मला तुझी खोड काढायची नाही. आपण दोघींनी एकाच कागदाने दोन ठिकाणी सारखाच घोळ घातला, एवढंच म्हणते.

आता आमच्याकडची बातमी. गाय नाही मिळाली त्या दिवशी ग्रंथपाल काकांनी मला रिकाम्या हाताने जाऊ दिलं नव्हतं. एक जाडजूड कादंबरी पुढे सरकवली. "गाय नाही, पण ही न्या. मिठाचे व्यापारी आहेत, एक बुडणारं जहाज आहे आणि अतिशय दुष्ट सासू आहे. परत आणाल तेव्हा मी काही विचारणार नाही." महिनाभर ती पिशवीत नुसती ओझं म्हणून फिरली. मुदत दोनदा वाढवली.

गेल्याच्या गेल्या बुधवारी गोटीच्या नंबरने आम्हांला एका फळबागेच्या फाटकाशी नेऊन सोडलं. तोडणी संपलेली होती. माळी म्हणाला, खाली पडलेली फळं हवी तेवढी वेचा, झाडावर मात्र चढू नका. दोघी तत्काळ झाडावर चढल्या. मी शिडीच्या खालच्या पायरीवर बसले, ओरडायचा कंटाळा आला म्हणून पिशवीत हात घातला आणि कादंबरी उघडली. पहिली चार पानं मी प्रूफवाचकासारखीच वाचली, तीन चुका सापडल्या. पाचव्या पानावर सासू आली. त्यानंतर एकही चूक सापडली नाही, ताई. असणार नक्की. मला दिसल्या नाहीत. शेवटची बस चुकता चुकता राहिली.

मग घरात अनर्थ. भात लागला, एक माहितीपत्रक उशिरा गेलं, गोटीने सलग दोन दिवस उलटा फ्रॉक घातला. भिंगरी माझ्याकडे बघत राहायची. शेवटी शनिवारी समोर येऊन उभी राहिली, हाताची घडी घालून, अगदी माझ्यासारखी. "मुख्य पात्राचा स्वभाव तीन शब्दांत सांग."

"कुणाच्या? सासूच्या? तीन शब्दांत कसा मावेल?"

"या पुस्तकातून तू काय शिकलीस?"

मी खूप विचार केला. "मीठ ओलं झालं की जड होतं."

"बस्स? दोनशे पानांत?"

"बाजूला हो गं, तिला आता जहाजाचं कळणार आहे."

तिने हसू दाबलं. रविवारी सकाळी मी पुस्तक उघडलं तर त्यात दोन खुणा. माझी एकशे ब्याण्णववर, जुनं बसचं तिकीट. आणि पान चाळीसवर एक पिवळं पान, दातेरी कडेचं. मी ते होतं तिथेच राहू दिलं. सोमवारी पिवळं पान एकशे दहावर. मंगळवारी एकशे ऐंशीवर. आज मी तपासणीची कागदपत्रं लावत बसले होते तेवढ्यात तिने मला गाठलं आणि पुढेही गेली. आता ती जेवताना माझ्याकडे असं काही बघते की मला समजतं, कोणीतरी मरणार आहे. "सांगू का आई?" "खबरदार!" आजच्या फिरण्यात पुस्तक कोणी धरायचं यावरून बसमध्ये अशी जुंपली की कंडक्टरने ते पाच थांबे स्वतःच्या बगलेत ठेवलं.

खांबाला सॉरी म्हणणारी माझी मुलगी परत आली आहे. ते बघून माझा जीव किती भांड्यात पडला ते लिहायला मला शब्द नाहीत, आणि मी शब्दांवर पोट भरते.

तपासणीचं म्हणशील तर ठरवलंय. वही आहे तशीच ठेवणार पुढ्यात. आणि सांगणार. पाचावर धारण बसली आहे, पण सांगणार.

तुझी,
धाकटी


२२ नोव्हेंबर

ताई,

काल बाई येऊन गेल्या. तुला फोन करायचा मोह झाला, पण हे मला पूर्णविरामापर्यंत सांगायचं आहे.

आमची लिफ्ट सहा दिवस बंद होती. बाई चार मजले चढून आल्या, साठीच्या जवळच्या, एक गुडघा धरलेला. आल्या आल्या म्हणाल्या, "तुमचे यजमान लिफ्टचं काम करतात असं अर्जात लिहिलंय." तुझे मेहुणे कोपऱ्यात उभे होते ते आणखी कोपऱ्यात गेले. सुरुवात अशी.

गणित बघितलं, ठीक. भूगोलात गोटीने त्यांना बसमार्गांचा नकाशा काढून दाखवला, सगळे शेवटचे थांबे आणि तिथे काय आहे त्याच्या चित्रांसकट. त्या खुर्चीत पुढे झुकल्या. मग म्हणाल्या, "वाचननोंद." मी हिरवी वही पुढे केली आणि त्यांनी उघडायच्या आत बोलून टाकलं. सतरा वाचलेली, एकेचाळीस रचलेली. का रचली, चूक कोणाची, मी नकली वही करायला बसले होते तेही. भिंगरी माझा हात धरून उभी होती.

बाई वाचायला लागल्या. एक नोंद, दुसरी, तिसरी. चहा निवला. मध्ये एकदा त्यांच्या घशातून विचित्र आवाज आला. मला वाटलं ठसका, पण पान बघितलं तर गाय होती. चाळीस मिनिटं, ताई! मी घड्याळाकडे बघतच होते.

मग त्यांनी वही मिटली आणि तोंड पुन्हा सरकारी केलं. "खोटी नोंद ती खोटी नोंद. एकेचाळीस खोट्या नोंदींवर मला 'समाधानकारक' लिहिता येत नाही."

भिंगरीने हात सोडला आणि पुढे झाली. "मग आईवर नका लिहू. माझ्यावर लिहा. खोटं मी लिहिलंय."

"ते दिसतंय," बाई म्हणाल्या. "मला एवढंच सांग, आता वाचतेस की नाही?"

"वाचते. आम्ही दोघी वाचतो. पण त्यातून काय शिकले ते प्लीज विचारू नका."

"काय वाचतेस, ते तरी विचारू?"

भिंगरीने मिठाच्या कादंबरीबद्दल सांगायला सुरुवात केली आणि ती थांबेचना. जहाज, सासू, सासूची बहीण, बुडालेल्या पोत्यांचा खटला. हातवारे करत, मागे जात, "थांबा, हे आधी सांगायला हवं होतं" म्हणत. शेवटाकडे आली तशी मी दोन्ही कानांत बोटं घातली. मी अजून तीनशे बारावर आहे. बाईंनी माझ्याकडे बघितलं, कानांत बोटं घातलेल्या बाईकडे, आणि पहिल्यांदा मोकळ्या हसल्या.

मी बोटं काढली तेव्हा त्या लिहीत होत्या. म्हणाल्या, "'असमाधानकारक' मला लिहवत नाही. त्यासाठी मध्ये एक रकाना आहे, फारसा कोणी वापरत नाही. मुली घरीच शिकतील. पण एका अटीवर. बाहेरच्या एका अनुभवी शिक्षकाने महिन्यातून एकदा येऊन मुलींना भेटायचं, आणि सहा महिने त्या कागदावर सही करायची. तुमच्यावर नजर म्हणा, सोबत म्हणा, तुम्हांला काय म्हणायचं ते म्हणा. शिक्षकाचं नाव आत्ता द्यावं लागेल."

मुली घरीच शिकतील. मी ते वाक्य मनात तीनदा म्हटलं. तुझे मेहुणे कोपऱ्यातून बाहेर आले आणि उगाचच बाईंच्या कपात गार चहावर गार चहा ओतला.

बाई जिना उतरून गेल्या तेव्हा मी दाराला टेकून खाली बसले आणि गोटी माझ्या मांडीत येऊन बसली, "आई, आपण जिंकलो का?" मी म्हटलं, सुटलो. तिला फरक कळला नाही. मला कळला.

आता तुला सांगायचं राहिलेलं. बाईंनी नाव मागितलं तेव्हा तीन शिक्षक माझ्या ओळखीचे होते. दोघं इथलेच, पायी दहा मिनिटांवर. तिघांपैकी कोणाला विचारलंही नव्हतं. पेन हातात होतं, बाई गुडघा चोळत थांबल्या होत्या, आणि मी तुझं नाव लिहून दिलं. पूर्ण नाव, शाळा, हुद्दा, सगळं. सेवा तीस वर्षं, असंही लिहिलं, त्यांनी विचारलं नव्हतं तरी.

तुला नाही म्हणायचं असेल तर म्हण. तुझं अंतर मोठं आहे, गाडी साडेतीन तास घेते, शनिवारी तुझी शाळा असते, आणि मी तुला जे बोलले ते चार पत्रांत पुसून निघत नाही, हे मला समजतं. तसं असेल तर बाईंना कळव, त्या दुसरं नाव घेतील. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण तुला कळवणार नाही.

डिसेंबरचा पहिला रविवार सात तारखेला आहे. लिफ्ट काल रात्रीपासून चालू झाली आहे, तुझ्या मेहुण्यांनी कंत्राटदाराला न विचारताच उघडली. भिंगरीने तिची खोली तुझ्यासाठी आवरायला घेतलीये, मी काही सांगितलेलं नसताना.

कागदावर सही केली नाहीस तरी चालेल, ताई. पण तू ये.

तुझीच,
धाकटी